शिशाचा भाव : तराजूवरचा आणि शरीरातला

सणापूर्वीच्या आवराआवरीत एकदा आपल्या माळ्यावर आणि जिन्याखालच्या अडगळीत नजर टाका. बंद पडलेल्या इन्व्हर्टरची किंवा जुन्या मोटारीची बॅटरी तेथे असेल. घरात कोणी रेडिओदुरुस्ती करीत असेल, तर डाग देण्याच्या तारेचे वेटोळे असेल. किनाऱ्यावरचे घर असेल, तर जुन्या पागाच्या कडेची शिसे दोरीसह गुंडाळून ठेवलेली असतील. आणि वडिलांचा किंवा आजोबांचा छापखाना असेल, तर खिळ्यांचे एखादे खोके कोणाच्या तरी मायेपोटी अजून शिल्लक राहिलेले असेल. या साऱ्यांत एक धातू समान आहे, तो म्हणजे शिसे. ते जड असते, म्हणून मोलाचेही वाटते, आणि मोलाचे वाटते म्हणून फेकवत नाही. निवृत्तीनंतर हाताला काम हवे असलेल्या माणसाला तर ते वितळवून त्याचे काही करावे असाही मोह होतो. या मोहाचा हिशेब आज मांडू. तो रुपयांतही मांडावा लागेल आणि शरीराच्या भाषेतही.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यातील काळी कांडी ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनाची असते. नातवाने पेन्सिल चावली तर तिच्यातल्या ‘शिशा’ची धास्ती घेण्याचे कारण नाही. पागाची शिसे किंवा खिळे त्याने तोंडात घातले, तर मात्र ती गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

तराजूवरचा भाव

शिसे ओळखणे सोपे आहे. ते आकाराच्या मानाने फार जड असते. एक लिटरच्या भांड्यात मावेल एवढ्या शिशाचे वजन सुमारे ११.३ किलो भरते. शुद्ध शिसे इतके मऊ असते की त्यावर नखाचा ओरखडा उठतो. ताजा काप चांदीसारखा चमकतो आणि थोड्याच वेळात काळवंडतो. कागदावर घासले तर राखाडी रेघ उमटते. खाली पडले तर पितळेसारखे खणखणत नाही, नुसता बद्द आवाज करते. घरात एखादी संशयास्पद वस्तू सापडली, तर वजन आणि रंग यांवरून अंदाज बांधावा. ओरखडे काढून किंवा घासून पाहण्याची हौस करू नये, आणि दाताने चावून तर कधीच पाहू नये.

आता किमतीकडे वळू. लंडनच्या धातुबाजारात गेल्या काही वर्षांत शिशाचा भाव टनामागे साधारण दोन हजार डॉलरच्या आगेमागे राहिला आहे. म्हणजे शुद्ध शिशाला किलोमागे पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. तांब्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही हा भाव नाही. शिवाय भंगाराला शुद्ध धातूचा भाव मिळत नाही. घेणारा माणूस त्यातील माती, दोरी, प्लास्टिक, आम्ल आणि गाळणीचा खर्च वजा करूनच रक्कम सांगतो. चार-पाच किलो शिसे घरात साठवून ठेवणाऱ्याच्या हाती अखेर काहीशे रुपये पडतात. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे दुसऱ्या पारड्यात जे पडणार आहे, त्याच्याशी याची तुलना करायची आहे.

शिशाच्या भंगाराला सर्वाधिक बारकाईने जोखणारी मंडळी अमेरिकेत आढळतात. तेथे बंदुकीच्या गोळ्या घरच्या घरी ओतण्याचा छंद अनेकांना आहे आणि त्यांत निवृत्त माणसेही पुष्कळ असतात. आपल्याकडे शस्त्रकायद्यामुळे परवान्याशिवाय असे काही करणे हा गुन्हा आहे, तेव्हा त्या छंदाचे अनुकरण करण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्यांचे भंगाराचे गणित आपल्या माळ्यावरील वस्तूंनाही लागू पडते, म्हणून ते पाहण्यासारखे आहे. छपराचे जुने पत्रे, नळांचे तुकडे, क्ष-किरण खोलीच्या भिंतींतील आवरणे यांतील शिसे मऊ आणि जवळजवळ शुद्ध असते. मोटारीच्या चाकाचा तोल साधणाऱ्या वजनांत थोडे अँटिमनी मिसळलेले असते, त्यामुळे ती अधिक कठीण असतात. मात्र अलीकडे ही वजने जस्ताची किंवा पोलादाची होऊ लागली आहेत, आणि वितळलेल्या शिशात थोडे जस्त मिसळले तरी ओतकाम बिघडते. सर्वांत मान छापखान्याच्या धातूला. लायनोटाइप यंत्राच्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. तो कठीण असतो आणि साच्यात स्वच्छ भरतो, म्हणून त्याला साध्या शिशापेक्षा अधिक किंमत मिळते. आपल्या जुन्या छापखान्यांतील हाती जुळवायचे खिळेही याच घराण्यातील मिश्रधातूचे असत.

या छंदिष्टांचा हिशेब वजन, कठीणपणा आणि शुद्धता येथेच संपतो. डॉक्टरांचा हिशेब त्यापुढे सुरू होतो.

वितळवताना काय घडते

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. घरातल्या गॅसच्या शेगडीवर लोखंडी कढई ठेवली तर एवढी उष्णता सहज मिळते, आणि हे काम सोपे वाटण्याचे मूळ त्यातच आहे. धूर दिसत नाही, वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. त्यामुळे काही धोका आहे असे मनाला पटतच नाही.

खरा धोका पृष्ठभागावर येणाऱ्या राखट सायीत असतो. तापलेल्या शिशाचा हवेशी संयोग होऊन त्याची बारीक भुकटी बनते. ती पळीने काढून बाजूला टाकली जाते, तेव्हा तिचे कण उडतात आणि ओट्यावर, कपड्यांवर, केसांत व नखांत बसतात. तेच हात पुढे चहाच्या कपाला, विडीला, सुपारीच्या डबीला लागतात. उष्णता फार वाढली तर शिशाची वाफही हवेत मिसळू लागते आणि श्वासावाटे थेट फुप्फुसांत पोहोचते. बॅटरीच्या पट्ट्या फोडून वितळवणे तर त्याहून घातक आहे, कारण त्यांच्यासोबत गंधकाम्ल आणि शिशाची सुटी भुकटी येते. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला, तर त्याची क्षणात वाफ होऊन तापलेला धातू तोंडावर उडतो. दृष्टी मंदावलेल्या आणि हात किंचित कापणाऱ्या वयात हा खेळ कोणीही खेळू नये.

किनाऱ्यावरील वाचकांसाठी आणखी एक सूचना. पाग फेकताना त्याची शिसे लावलेली कडा दातांत धरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. वर्षानुवर्षे रोज थोडे थोडे शिसे पोटात जाण्याची ही सरळ वाट आहे. सवय जुनी असली तरी ती सोडावी, आणि घरातील तरुणांना तरी ती लागू देऊ नये.

जुन्या कंपोझिटरचा सल्ला

हे ज्ञान नवे नाही. बेंजामिन फ्रँकलिन १७२४ मध्ये तरुणपणी लंडनच्या छापखान्यात काम करीत असे. धुतलेले खिळे विस्तवासमोर वाळवण्याची तेथे पद्धत होती आणि थंडीत ते ऊबदार खिळे हाताला सुखाचे वाटत. असे खिळे हाताळल्यावर त्याच्या हातांच्या हाडांत एक मंद वेदना राहू लागली. तेव्हा एका वृद्ध कामगाराने त्याला सावध केले की या सवयीने हातांची शक्तीच जाईल. आपल्या दोन सोबत्यांची उदाहरणेही त्याने दिली. दोघांची मजुरी पहिल्याच्या निम्म्याहूनही खाली आली होती. फ्रँकलिनने ही हकिकत १७८६ मध्ये एका मित्राला पत्रातून कळवली.

मनगट लुळे पडून हात खाली लोंबू लागणे हे शिशाच्या विषबाधेचे जुने आणि ओळखीचे चिन्ह आहे. त्या वृद्ध कामगाराकडे प्रयोगशाळा नव्हती. त्याच्याकडे होता तो सोबत्यांच्या हातांकडे पाहून आलेला अनुभव, आणि तो त्याने एका तरुणाला वेळेवर सांगितला. घरातील वडीलधाऱ्यांनी या बाबतीत त्याचा कित्ता गिरवावा.

हाडांतली ठेव

आता ज्येष्ठ वाचकांनी विशेष ध्यान द्यावे असा भाग. रक्तात गेलेले शिसे महिना-सव्वा महिन्यात निम्मे होते. त्यावरून ते शरीराबाहेर पडले असे समजू नये. त्यातील काही लघवीवाटे जाते, आणि बराचसा भाग हाडांत जाऊन बसतो. शरीर शिशाला कॅल्शियमसारखेच वागवते, आणि जेथे कॅल्शियम साठवायचे तेथे शिसेही साठवते. प्रौढ माणसाच्या शरीरातील एकूण शिशापैकी ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि तेथे ते दशकानुदशके राहते.

तरुणपणी ही ठेव मुकाट पडून असते. वय वाढले, हाडे झिजू लागली, की ती रक्तात परत येऊ लागते. स्त्रियांत पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते, आणि त्या काळात रक्तातील शिशाचे प्रमाण वाढत असल्याचे आढळले आहे. खुब्याचे हाड मोडून महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहणे, थायरॉइडची अतिक्रिया, अस्थिभंगुरता या कारणांनीही असेच घडू शकते. म्हणजे वयाच्या तिशीत छापखान्यात, बॅटरीच्या कारखान्यात किंवा रंगकामावर शरीरात गेलेले शिसे सत्तरीत पुन्हा रक्तात उतरू शकते.

बॉस्टन येथे माजी सैनिकांच्या वार्धक्याचा एक दीर्घकालीन अभ्यास १९६३ पासून चालत आला आहे. त्यात नडगीच्या हाडातील आणि गुडघ्याच्या वाटीतील शिसे क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजले गेले. ज्यांच्या हाडांत शिसे अधिक, त्यांच्यात उच्च रक्तदाबाचे प्रमाणही अधिक, असा संबंध तेथे दिसून आला. मूत्रपिंडे, स्मरणशक्ती आणि सांध्यांतील यूरिक आम्ल यांवरही शिशाचा दुष्परिणाम होतो.

ही ठेव मोडून टाकण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही. म्हणून उतारवयात नव्या शिशाची भर घालू नये, आणि असलेली हाडे जपावीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरेसे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणे, झेपेल तेवढे चालणे, पडणे टाळणे, या अस्थिभंगुरतेसाठी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी येथे दुहेरी कामाच्या ठरतात.

देखभाल करणाऱ्यांनी काय विचारावे

पोटात वारंवार कळ येणे, चिवट बद्धकोष्ठता, रक्तक्षय, थकवा, डोकेदुखी, चिडचिड, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या येणे किंवा मनगटात जोर न राहणे ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे आहेत. यांतील एकही लक्षण केवळ शिशाचेच असे नाही. त्याची दहा इतर कारणे असतात आणि बहुधा त्यांपैकीच एखादे खरे असते. म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु सारे काही वयावर ढकलून मोकळेही होऊ नये. वडिलांना डॉक्टरांकडे नेताना पुढील चार गोष्टी आठवून सांगाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे आयुष्यभर केलेले काम. कंपोझिटर, बॅटरी दुरुस्त करणारे, रंगारी, डाग देण्याचे काम करणारे, धातू गाळणारे, गोळीबाराच्या सरावाशी संबंध असलेले पोलीस किंवा सैनिक, ही माहिती डॉक्टरांना फार उपयोगी पडते. दुसरी, सध्याचा छंद किंवा जोडधंदा. तिसरी, घरातील भांडी. कल्हई शुद्ध कथलाची असावी. कथील महाग आणि शिसे स्वस्त, त्यामुळे भेसळीचा मोह असतो, म्हणून कल्हई विश्वासाच्या माणसाकडूनच करून घ्यावी. चौथी गोष्ट चालू असलेली औषधे. संस्कृतात शिशाचे एक नाव नाग असे आहे आणि नागभस्म हे शिशापासूनच तयार होते. कोणतेही भस्म किंवा रसौषधी चालू असेल, तर ती संकोच न करता दाखवावी. नोंदणीकृत वैद्याच्या सल्ल्याविना आणि घटकांची माहिती नसलेली पुडी घेऊ नये.

शंका वाटल्यास रक्तातील शिशाची तपासणी होऊ शकते. तिच्यासाठी शिरेतून रक्त घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले, तर ते कोठून येते याचा शोध घेऊन तो मार्ग बंद करावा. याखालची पातळी निर्धोक आहे असा याचा अर्थ नाही. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ही तपासणी मुख्यत्वे अलीकडच्या संसर्गाचे चित्र दाखवते, हाडांतील ठेव किती हे ती पुरते सांगू शकत नाही. म्हणूनच कामाचा इतिहास सांगणे महत्त्वाचे. शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती फार वरच्या पातळीवर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिली जातात. ‘शरीरशुद्धी’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर पैसा आणि भरवसा दोन्ही घालवू नये.

नातवंडांचे काय

आजोबांच्या कामाचा सर्वांत मोठा भुर्दंड नातवंडाला पडू शकतो. प्रौढांनी गिळलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग अंगात शोषला जातो, तर लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हाताने उचलते आणि हात तोंडात घालते. त्याच्या घडत्या मेंदूची झालेली हानी नंतर भरून निघत नाही.

सेनेगलची राजधानी डाकारजवळील थियारोय-सुर-मेर या वस्तीत २००७-०८ च्या सुमारास अवघ्या काही महिन्यांत १८ बालके दगावली. त्या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम चाले. शिशाचा भाव वाढल्यावर लोक तेथील माती चाळून शिशाचे कण गोळा करू लागले, आणि ती माती पोत्यांत भरून घरी येऊ लागली. त्या आयांना कोणाचे वाईट करायचे नव्हते. घराला चार पैशांचा आधार एवढाच त्यांचा हेतू होता. भावाकडे पाहताना मातीकडे दुर्लक्ष झाले, ते कोणी सांगितले नाही म्हणून. आपल्याला ते ठाऊक आहे, एवढेच आपले भाग्य.

मग माळ्यावरच्या शिशाचे काय करावे

बॅटरी फोडू नये, उलटी करू नये, त्यातील आम्ल मोरीत ओतू नये. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी. त्याबदली किमतीत सूट मिळते. भारतात २००१ पासून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत आणि २०२२ च्या नव्या नियमांनी त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. घरोघर फिरणाऱ्याने चार रुपये अधिक देऊ केले, तरी ती बॅटरी कोणाच्या तरी अंगणात फोडली जाण्याची शक्यता असते. त्या अंगणातही मुले खेळत असतात.

खिळे, पागाची शिसे, पत्र्याचे तुकडे हे सारे आहे तसेच, न फोडता आणि न वितळवता, जाड पिशवीत बांधून नोंदणीकृत भंगार व्यापाऱ्याकडे द्यावे. वजन आपल्यासमोर करून घ्यावे. त्या दिवसाचा भाव दोन ठिकाणी विचारावा. खिळे असतील तर ते साध्या शिशाच्या राशीत घालू न देता वेगळे तोलायला सांगावेत. आठवण म्हणून चार खिळे ठेवायचेच असतील, तर ते बंद काचेच्या कुपीत ठेवावेत आणि मुलांच्या हाती देऊ नयेत.

हाताळताना रबरी मोजे घालावेत. काम झाल्यावर आणि खाण्यापूर्वी हात साबणाने, नखांसह, वाहत्या पाण्याखाली धुवावेत. ते कपडे वेगळे धुवावेत. त्या जागी कोरडा झाडू फिरवू नये, त्याने धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. त्या कामाचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये.

उपाशीपोटी शिसे अधिक शोषले जाते. शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तरीही ते अधिक शोषले जाते. म्हणून कामापूर्वी काही खाऊन घ्यावे. नाचणी, तीळ, दूध-दही, पालेभाज्या, कडधान्ये, लिंबू आणि आवळा आहारात असावेत. हा आहार शिसे बाहेर काढत नाही, फक्त त्याला आत येण्यास वाव कमी देतो.

आता दोन्ही पारडी समोर ठेवा. एकात काहीशे रुपये आणि हाताला काम मिळाल्याचे समाधान आहे. दुसऱ्यात हाडांतली ठेव आणि नातवंडांची निरोगी वाढ. हाताला काम हवे हे खरेच आहे. त्यासाठी बाग आहे, सुतारकाम आहे, आणि त्या लंडनच्या वृद्ध कामगाराप्रमाणे आपला अनुभव धाकट्यांना सांगणे आहे. या आवराआवरीत माळ्यावरचे शिसे खाली उतरवा, बांधा आणि योग्य हाती सोपवा. आणि आईवडिलांच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी, ते उमेदीच्या काळात कोणते काम करीत होते, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.